नवशिक्यांचा कैवारी : एडगर कॉड

गोंदिया जिल्ह्यातील तलाव मोजायला बसले तर दिवस पुरत नाही. नवेगावबांध, बोदलकसा यांसारखे मोठे जलाशय सोडले तरी गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदांतही त्यांना 'मामा तलाव' असेच सुटसुटीत नाव मिळाले आहे. एका तलावाच्या पाण्यावर दोन-तीन गावांची धानशेती भिजते आणि एका गावाच्या शिवारात तीन-चार तलावही असतात. ही माहिती वहीत मांडायची तर ती तलावाप्रमाणे मांडावी की गावाप्रमाणे? तलावाप्रमाणे मांडली, तर एका गावाला कोणकोणत्या तलावांचे पाणी मिळते हे पाहण्यासाठी अख्खी वही चाळावी लागते. गावाप्रमाणे मांडली, तर एकच तलाव तीन पानांवर लिहावा लागतो आणि त्याचे क्षेत्र नव्याने मोजले गेले की तिन्ही पानांवर खाडाखोड करावी लागते. एखादे पान हमखास राहून जाते.

हा पेच तलाठ्याच्या दप्तराला जुनाच आहे. गाव नमुना सात गटाप्रमाणे चालतो. अमुक गट कोणाच्या मालकीचा, हे तो सांगतो. नमुना आठ-अ खातेदाराप्रमाणे चालतो. अमुक शेतकऱ्याच्या नावे गावात कोणकोणते गट, हे तो सांगतो. माहिती एकच, बघण्याच्या बाजू दोन. हाताने लिहिलेल्या दप्तरात त्यासाठी दोन वह्या ठेवाव्या लागत आणि एक फेरफार मंजूर झाला की दोन्हींत नोंद करावी लागे. एकीत झाली आणि दुसरीत राहिली, तर शेतकऱ्याचे कर्ज अडलेच म्हणून समजावे.

संगणक आल्यावर हा पेच सुटायला हवा होता. प्रत्यक्षात पहिली वीस वर्षे तो अधिकच घट्ट झाला. ज्या माणसाने तो सोडविला, त्याच्या हयातीतली बरीच वर्षे स्वतःच्याच कंपनीला आपले म्हणणे पटवून देण्यात गेली. आज गोंदियातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी 'मायएसक्यूएल' किंवा 'पोस्टग्रेसक्यूएल' उघडून 'तलाव', 'गाव' आणि त्या दोहोंना जोडणारे 'सिंचन' असे तीन तक्ते करतो, तेव्हा तो एडगर फ्रँक कॉड यांनीच आखून दिलेल्या वाटेने चालत असतो. हे नाव बहुधा त्याने ऐकलेले नसते.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलँड बेटावरचा. वडील चामड्याच्या वस्तूंचे कारखानदार, आई शिक्षिका. सात भावंडांत एडगर धाकटे. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात शिष्यवृत्तीवर ते रसायनशास्त्र शिकू लागले. दुसरे महायुद्ध भडकलेले होते. विद्यार्थ्याला मिळू शकणारी सूट बाजूला ठेवून ते हवाई दलात दाखल झाले आणि किनारा रक्षणासाठीच्या 'संडरलँड' विमानांचे वैमानिक झाले. प्रशिक्षणाच्या निमित्ताने अमेरिका पाहिली ती तेव्हाच. उड्डाणाचा छंद त्यांना आयुष्यभर पुरला. युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डला परतून त्यांनी विषय बदलला आणि गणिताची पदवी घेऊन १९४८ मध्ये अमेरिकेची वाट धरली.

तिथे पहिली नोकरी मिळाली ती न्यूयॉर्कच्या 'मेसीज' या दुकानात पुरुषांचे कपडे विकण्याची. मग टेनेसी विद्यापीठात सहा महिने गणिताची अध्यापकी आणि १९४९ मध्ये 'आयबीएम'. कंपनीकडे त्या काळी असलेल्या अवाढव्य गणनयंत्रासाठी आज्ञावली लिहिणे हे त्यांचे काम. चार वर्षांनी, १९५३ मध्ये, त्यांनी ही नोकरी सोडली आणि देशही सोडला. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली देशभर संशयाचे रान उठविले होते; त्याच्या निषेधार्थ कॉड कॅनडातील ओटावा येथे निघून गेले. पटले नाही की उठून जायचे, हा स्वभाव पुढेही दिसतो. १९५७ मध्ये जुन्या वरिष्ठांशी योगायोगाने भेट झाली आणि ते 'आयबीएम'मध्ये परतले. 'स्ट्रेच' या महासंगणकाच्या बांधणीत, एकाच वेळी अनेक कामे यंत्राकडून कशी करवून घ्यायची, या भागावर त्यांनी काम केले.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले. कंपनीच्या शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात ॲन आर्बर येथे जाऊन त्यांनी १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. विषय होता स्वतःची प्रतिकृती स्वतःच घडविणाऱ्या यंत्रांचा गणिती अभ्यास. जॉन फॉन नॉयमन यांना अशा यंत्राच्या प्रत्येक घरासाठी एकोणतीस अवस्था लागल्या होत्या. कॉड यांनी हे काम आठांत होते असे दाखवून दिले. डेटाबेसशी या विषयाचा काडीचा संबंध नाही. तरी अनावश्यक ते गाळून मोजक्या नियमांवर सारा डोलारा उभा करण्याची गणितज्ञाची सवय इथे दिसते आणि पुढचे सारे तिच्यातूनच आले.

१९६० च्या दशकाअखेर कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील संशोधनशाळेत आले. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या आपल्या वह्या संगणकात भरू लागल्या होत्या. 'आयबीएम'चे 'आयएमएस' हे उत्पादन त्यात अग्रेसर. चांद्रमोहिमेच्या यानासाठी लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून ते जन्मले होते. त्याची मांडणी वंशवृक्षासारखी. वर जिल्हा, त्याखाली तालुके, तालुक्याखाली गावे, गावाखाली तलाव. वरून खाली उतरत विचारले तर उत्तर झटपट. मात्र तलावाकडून गावाकडे जायचे म्हटले की फांद्या धुंडाळणे आले. चार्ल्स बाखमन यांनी पुढे आणलेल्या दुसऱ्या पद्धतीत नोंदी एकमेकींना धाग्यांनी जोडलेल्या असत. तीत वाटा अधिक होत्या, पण कोणत्या नोंदीवरून कोणता धागा धरून कुठे जायचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावे लागे. मांडणी बदलली की जुन्या आज्ञावल्या निकामी होत. साधा प्रश्न विचारायचा असला तरी तज्ज्ञाच्या दारात उभे राहावे लागे.

कॉड यांना हेच खटकले. १९ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे त्यांच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवसाची तारीख पडलेला, त्यांचा पहिला टिपणवजा अहवाल कंपनीअंतर्गत निघाला. जून १९७० मध्ये त्याचे विस्तारित रूप अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात निबंध म्हणून छापले गेले. माहिती यंत्रात कशी रचली आहे हे जाणून घेण्याच्या जबाबदारीतून वापरणाऱ्याला मोकळे केले पाहिजे, असा निबंधाच्या आरंभीच्याच विधानाचा आशय होता. मांडणी अगदी साधी. सारी माहिती तक्त्यांत ठेवायची. तक्त्यातील प्रत्येक ओळ वेगळी आणि ती ओळखायला एक किल्ली, म्हणजेच 'प्रायमरी की'. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध दाखवायचा तर धागा बांधायचा नाही, फक्त ती किल्ली दुसऱ्या तक्त्यात लिहायची. गणितातील संचांच्या भाषेत अशा तक्त्याला 'रिलेशन' म्हणतात; 'रिलेशनल डेटाबेस' हे नाव त्यावरूनच पडले. तक्त्यांमधील नात्यावरून ते आले, असा समज अनेक पाठ्यपुस्तकांनी पसरविला आहे. तो बरोबर नाही.

गोंदियाच्या विद्यार्थ्याचे तीन तक्ते या दृष्टीने पाहावेत. 'तलाव' तक्त्यात प्रत्येक तलाव एकदाच, क्रमांकासह. 'गाव' तक्त्यात प्रत्येक गाव एकदाच. 'सिंचन' तक्त्यात केवळ दोन रकाने: तलावाचा क्रमांक आणि गावाचा क्रमांक. एवढ्यावर तलावाकडून गावाकडे आणि गावाकडून तलावाकडे, दोन्ही बाजूंनी सारख्याच सहजतेने विचारता येते. तलावाचे क्षेत्र बदलले तर एकाच ओळीत दुरुस्ती. नमुना सात आणि नमुना आठ-अ यांच्यासाठी दोन वह्यांची गरजच राहत नाही. एकाच साठ्याची ती दोन दर्शने ठरतात. शिवाय 'सिलेक्ट'पुढे काय हवे, 'फ्रॉम'पुढे कोणत्या तक्त्यातून आणि 'व्हेअर'पुढे कोणत्या अटीवर, एवढेच विद्यार्थी लिहितो. कसे शोधायचे हे तो सांगत नाही. ते यंत्राने ठरवायचे असते.

हे साधेपणच तेव्हा अनेकांना अशक्य वाटले. वाट दाखविल्याशिवाय यंत्र माहिती शोधणार, तर ते कूर्मगतीने चालेल, असा अनुभवी मंडळींचा आक्षेप होता आणि तेव्हाच्या यंत्रांकडे पाहता तो अगदीच निराधार नव्हता. खरी अडचण मात्र निराळी होती. 'आयएमएस'वर कंपनीला चांगली कमाई होत होती. आपल्याच संशोधकाने आपले चालते उत्पादन मोडीत काढावे, हे कोणत्या व्यापाऱ्याला रुचेल? कॉड मात्र गप्प बसणारे नव्हते. कंपनीबाहेरील व्यासपीठांवरून ते आपले म्हणणे मांडत राहिले. १९७४ मध्ये ॲन आर्बर येथे, जिथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली त्याच गावी, बाखमन आणि कॉड यांच्या पक्षांत जाहीर वाद झाला. बाखमन यांना आदल्याच वर्षी संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे सामना किती विषम होता ते कळते.

काही तरुण मात्र आधीच वळले होते. 'आयबीएम'मधील डोनाल्ड चेंबरलिन त्यांपैकी एक. जुन्या पद्धतीत पानेच्या पाने खाणारे प्रश्न कॉड दोन-चार ओळींत लिहून दाखवीत, हे पाहून ते थक्क झाले. त्यांनी आणि रेमंड बॉईस यांनी १९७४ मध्ये इंग्रजी वाक्यासारखी वाचता येणारी प्रश्नभाषा मांडली. बॉईस त्याच वर्षी अकाली वारले. भाषेचे नाव 'सिक्वेल' ठेवले होते. ते एका ब्रिटिश विमान कंपनीच्या नावे नोंदलेले निघाल्याने त्याचे 'एसक्यूएल' झाले. आजही काहीजण 'सिक्वेल' म्हणतात तर काहीजण 'एसक्यूएल', त्याचे मूळ इथे आहे. तक्त्यांची कल्पना प्रत्यक्षात आणणारा 'सिस्टिम आर' हा प्रकल्पही याच सॅन होजेत उभा राहिला, पण त्याची सूत्रे कॉड यांच्या हाती नव्हती.

कॉड यांना ही भाषा फारशी पसंत पडली नाही. त्यांची स्वतःची भाषा अधिक काटेकोर, गणिताच्या अंगाने जाणारी होती आणि सामान्य माणसासाठी झटणाऱ्या कॉड यांचीच भाषा सामान्यांना जड गेली असती, हा विरोधाभास नाकारता येत नाही. त्यांचे आक्षेप मात्र नेमके होते आणि नवशिक्याला ते पहिल्याच आठवड्यात भेटतात. तक्ता करताना किल्ली सांगायची राहिली, तर 'एसक्यूएल' तीच ओळ दोनदा घेते. बोदलकसा तलाव दोनदा नोंदला जातो आणि एक नोंद पुसायला गेले की दोन्ही पुसल्या जातात, कारण त्यांत फरक करायला काही उरलेलेच नसते. कॉड यांच्या मांडणीत हे घडूच शकत नव्हते.

दुसरी ठेच 'नल'ची. एखाद्या तलावाचे क्षेत्र मोजलेलेच नसेल तर तिथे शून्य लिहिणे खोटे ठरेल. जागा रिकामी आहे आणि ती रिकामी असल्याचे यंत्रालाही ठाऊक आहे, हे दाखविणारी खूण म्हणजे 'नल'. क्षेत्र बरोबर 'नल' असे विचारले तर एकही तलाव हाती लागत नाही, कारण जे माहीत नाही ते कशाच्याही बरोबरीचे आहे असे म्हणता येत नाही. 'इज नल' असेच विचारावे लागते. खरे, खोटे आणि अज्ञात असे तीन पर्याय मानणारे हे तर्कशास्त्र कॉड यांनी आग्रहाने मांडले. पुढे त्यांचे निकटचे सहकारी ख्रिस डेट यांनीच त्याला विरोध केला आणि तो वाद दोघांत शेवटपर्यंत मिटला नाही. तिसरी ठेच अगदी साधी आणि तिच्यात कॉड यांचा दोष नाही: ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की पडद्यावर नुसता बाण उमटतो, यंत्र स्वस्थ वाट पाहते आणि विद्यार्थ्याला वाटते की ते बंद पडले.

१९७४ नंतर कॉड 'राँदेव्हू' नावाच्या प्रयोगात गुंतले. संगणकाचे शिक्षण नसलेल्या, कधीमधीच माहिती विचारणाऱ्या माणसाने साध्या इंग्रजीत प्रश्न टंकित करावा. कळला नाही तर यंत्राने उलट प्रश्न विचारावेत. मग आपल्याला काय समजले ते त्याला वाचून दाखवावे आणि त्याने होकार दिल्यावरच उत्तर शोधावे, अशी ती कल्पना. त्या काळच्या यंत्रांना हे पेलणारे नव्हते आणि उत्पादन म्हणून ते बाजारात आले नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मराठीत प्रश्न लिहून 'एसक्यूएल' करवून घेणारे विद्यार्थी गोंदियातही भेटतील. समजले ते आधी वाचून दाखवून मगच पुढे जाण्याची कॉड यांची अट मात्र त्या घाईत अनेकदा गळून पडते.

'आयबीएम' विचारात असताना इतरांनी बाजी मारली. कॉड यांचे निबंध छापील, कोणालाही वाचण्यास खुले होते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी ते वाचून १९७३ मध्ये 'इन्ग्रेस' हा डेटाबेस बांधायला घेतला आणि त्याची आज्ञावली चुंबकीय फितीवर नाममात्र शुल्कात इतर विद्यापीठांना देऊ केली. लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सिस्टिम आर'संबंधीचे निबंध वाचून १९७९ मध्ये 'ओरॅकल' बाजारात आणले. ज्या कंपनीत ही कल्पना जन्मली तिचे स्वतःचे उत्पादन १९८१ मध्ये आले आणि मोठ्या संगणकांसाठीचे 'डीबीटू' १९८३ मध्ये. एलिसन यांचे साम्राज्य उभे राहिले. कॉड पगारदार संशोधकच राहिले. मानसन्मान मात्र मिळाले. १९७६ मध्ये कंपनीने त्यांना 'फेलो' केले आणि १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

१९८४ मध्ये कॉड 'आयबीएम'मधून बाहेर पडले आणि डेट यांच्यासमवेत सल्लागार कंपनी चालवू लागले. तोवर 'रिलेशनल' हा शब्द बाजारात इतका खपू लागला होता की जुन्याच मालावर नवी चिठ्ठी चिकटविली जाऊ लागली. संतापलेल्या कॉड यांनी १९८५ मध्ये 'कम्प्युटरवर्ल्ड' या साप्ताहिकातून प्रसिद्ध बारा नियम जाहीर केले. मोजणी शून्यापासून असल्याने ते प्रत्यक्षात तेरा आहेत. परीक्षेत हा प्रश्न हटकून येतो आणि हटकून चुकतो. सारे नियम तंतोतंत पाळणारे उत्पादन बाजारात सापडणे कठीण आहे. १९९३ मध्ये त्यांच्या लौकिकाला जरा उणेपणाही आला. व्यवसायासाठी माहितीचे विश्लेषण कसे व्हावे याविषयी त्यांनी लिहिलेल्या निबंधाला, ज्या कंपनीचे उत्पादन त्या निकषांत चपखल बसत होते तिचेच पाठबळ असल्याचे उघड झाले. आयुष्यभर विक्रेत्यांच्या दाव्यांची चिरफाड करणाऱ्याला हे शोभले नाही.

दरम्यान बर्कलेच्या त्या फितींमधून एक वेगळीच वाट फुटली होती. स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये 'पोस्टग्रेस' हाती घेतले. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्यात 'एसक्यूएल' बसविले आणि १९९६ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी 'पोस्टग्रेसक्यूएल' या नावाने ते पुढे नेले. स्वीडनमधून १९९५ मध्ये 'मायएसक्यूएल' आले. त्यातील 'माय' हे मायकल विडेनियस यांच्या मुलीचे नाव. दोन्हींचा मूळ आज्ञावलीसंच खुला, परवाना शुल्क नाही. मोठ्या कंपन्यांच्या डेटाबेसचा परवाना ज्यांना परवडला नसता, त्या लहान शहरांतील महाविद्यालयांना आणि घरच्या जुन्या संगणकावर धडपडणाऱ्या मुलांना कॉड यांचे तक्ते त्यामुळे उपलब्ध झाले. २०१० मध्ये 'मायएसक्यूएल'ची मालकी 'ओरॅकल'कडे गेली. त्याआधीच, २००९ मध्ये, विडेनियस यांनी त्यातूनच 'मारियाडीबी' ही वेगळी शाखा काढली होती. नवशिक्याच्या दृष्टीने फरक किरकोळ आहे. 'सिलेक्ट' तिन्हीकडे 'सिलेक्ट'च. देवनागरीचा प्रश्न मात्र बराच काळ छळत राहिला. 'मायएसक्यूएल' मूळ मांडणीत पश्चिम युरोपीय लिपी गृहीत धरी आणि वेगळे सांगितले नाही तर 'अर्जुनी मोरगाव'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून जगातील सर्व लिप्या सामावणारी पद्धतच गृहीत धरली जाऊ लागली.

कॉड यांनी ही आवृत्ती पाहिली नाही. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय एकोणऐंशी होते. ज्या संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा १९७० चा निबंध छापला गेला होता, तिच्या डेटाबेस विभागाने आपल्या नवकल्पना पुरस्काराला पुढच्या वर्षी त्यांचे नाव दिले.